अब्बांच्या लॅपटॉपचे निदान

बी.एड.ला असताना 'नैदानिक चाचणी' नावाचा एक घटक आम्हाला होता. साधी परीक्षा मुलाला किती येते ते सांगते. नैदानिक चाचणी त्याचे नेमके कुठे अडते ते सांगते. मूल वाचत नाही असे दिसले की 'ढ' म्हणून मोकळे होणे सोपे असते. पण न वाचण्याची कारणे दहा असू शकतात. डोळे अधू असतील, घरची बोली वेगळी असेल, अक्षरे कळत असून ती जोडून आली की कळत नसतील, किंवा सकाळपासून पोटात काही गेले नसेल. कारण सापडल्याशिवाय उपचाराला हात घालायचा नाही, एवढाच त्या घटकाचा सार. उर्दू माध्यमाच्या वर्गात हा धडा आम्ही रोज वापरतो. तो एखाद्या यंत्रावर वापरण्याची वेळ येईल असे मात्र कधी वाटले नव्हते.

हे यंत्र म्हणजे आमच्या मर्हूम अब्बांचा लॅपटॉप. अब्बा सातारा जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेचे मुख्याध्यापक होते. २०१० साली निवृत्त झाले, तेव्हा हाती आलेल्या पैशांतून त्यांनी स्वतःसाठी घेतलेली ही एकच वस्तू. मग त्यांनी एक काम अंगावर घेतले. घरातल्या आणि मोहल्ल्यातल्या बायकांची गाणी उतरवून ठेवायची. हळदीची, मेहंदीची, पाळण्याची आणि जात्यावरची. आमच्याकडे लग्नातली गाणी दखनीत आणि जात्यावरच्या ओव्या मराठीत. ही वाटणी कुणी केली कुणास ठाऊक, पण ती होती. अब्बा मोबाइलवर आवाज भरून घेत आणि रात्री तो ऐकत ऐकत उर्दूत टंकत. अम्मीची सतरा गाणी अशी भरली गेली. २०१३ मध्ये अम्मी गेली, २०१९ मध्ये अब्बा. लॅपटॉप गावी थोरल्या भावाच्या कपाटात राहिला. गेल्या वर्षी जुने घर उतरवले, तेव्हा तो एका चादरीत गुंडाळून आमच्याकडे आला. "तू पढा-लिखा है, तूच संभाल," असे भाईंनी सांगितले. म्हणजे वस्तू आमची नव्हे, अमानत होती.

आम्ही राहतो कोथरूडला. शाळा कॅम्पच्या बाजूला. सकाळी वनाजला मेट्रोत बसतो. २०२२ साली ती गरवारे कॉलेजपर्यंत सुरू झाली आणि २०२३ मध्ये पुढे रूबी हॉलपर्यंत गेली, तेव्हापासून आमची दोन बसची कसरत संपली. बायकोची नोकरी पौड रस्त्यावर, म्हणून घर इकडे घेतले. स्टाफरूममध्ये अजूनही कुणी ना कुणी विचारतो, "कोथरूड में घर मिला कैसे?" प्रश्न अगदीच बिनबुडाचा नाही. दोन ठिकाणी नाव सांगितल्यावर 'जागा कालच गेली' असे ऐकून आलो होतो. तिसऱ्या ठिकाणी मिळाली, आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक काका भेटले. एका कारखान्याच्या देखभाल विभागात पस्तीस वर्षे काढलेले. पुढच्या हकिकतीत त्यांचा वाटा आमच्याहून मोठा आहे.

लॅपटॉप सुरू झाला, पण विंडोज यायला वीस मिनिटे लागली. 'गाने' नावाच्या फोल्डरवर टिचकी मारली की पडदा गोठायचा. आतून मधूनच टक्... टक्... असा आवाज. आम्ही तो बंद केला आणि जवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या मुलाने झाकण उघडण्याआधीच निकाल दिला. "सर, जुना झालाय. फॉरमॅट मारू, एसएसडी टाकू, विंडोज टाकून देतो. दोन तासांत नव्यासारखा." आम्ही विचारले, "आतल्या फाइली?" तो म्हणाला, "बघू, निघाल्या तर." त्याचेही चूक नव्हते. त्याच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना चालू लॅपटॉप हवा असतो. आम्हाला लॅपटॉप चालला काय, न चालला काय, सारखेच होते. यंत्र जगवायचे की आतले जगवायचे, हे आधी ठरले की उपचार बदलतो. आम्ही यंत्र उचलून घरी आलो.

स्टाफरूममध्येही सल्ल्यांची कमतरता नव्हती. एका सहकाऱ्याने डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितली. त्याच्या साडूने म्हणे असे केले होते. काकांनी ते ऐकून कपाळाला हात लावला. "अहो सर, थंड वस्तू बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं. पाण्याची बाटली बघता ना? तेच आतल्या तबकडीवर धरलं तर संपलं."

असे का, हे समजायला डिस्कच्या पोटात काय असते ते पाहावे लागते. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये आरशासारखी गुळगुळीत तबकडी असते. ती मिनिटाला ५,४०० म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेते. तिची बाहेरची कड ताशी साठेक किलोमीटर वेगाने पळते, आणि तिच्यावरून वाचणारे सूक्ष्म डोके फिरते. ते तबकडीला टेकत नाही. फिरण्याने निर्माण झालेल्या हवेच्या थरावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. माणसाचा केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, यावरून अंदाज घ्यावा. तिथे दवाचा थेंब म्हणजे डोंगर. आयबीएमने १९५६ साली पहिली अशी डिस्क बाजारात आणली, तेव्हा दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्यांवर मिळून पन्नास लाख अक्षरे मावत आणि ते धूड जवळजवळ टनभर वजनाचे होते. आज अम्मीचे एक गाणेही त्याहून जास्त जागा घेऊ शकते.

काकांनी पहिले काम केले ते स्क्रू-ड्रायव्हर आणण्याचे. आम्हाला वाटले, आता उघडणार. त्यांनी लॅपटॉप सुरू केला, स्क्रू-ड्रायव्हरचे टोक डिस्कच्या जागेवर टेकवले आणि मूठ कानाला लावली. कारखान्यात बेअरिंग असेच ऐकतात म्हणाले. मग आम्हाला ऐकवले. फिरण्याचा आवाज एकसारखा होता. मोटार शाबूत होती. टकटक सतत नव्हती, ठरावीक फाइलींपाशी गेले की होत होती. "सगळं घर पेटलेलं नाही," काका म्हणाले, "काही खोल्या जळल्यात. पण आपण मात्र घाई करायची आणि घाई करायची नाही."

याचा अर्थ नंतर कळला. ज्या डिस्कवर संशय आहे ती जितकी कमी फिरवाल तितके बरे, म्हणून घाई. पण तिच्यावर कोणताही दुरुस्तीचा प्रयोग आधी करायचा नाही, म्हणून घाई नाही. विंडोजमध्ये डिस्क तपासून दुरुस्त करणारी 'चेकडिस्क' नावाची सोय असते. अनेकजण पहिल्यांदा तीच चालवतात. ती मरू घातलेल्या डिस्कला कोपरान् कोपरा वाचायला लावते आणि वर स्वतः तिच्यावर लिहितेही. दम लागलेल्या माणसाला ताकद किती उरली ते पाहण्यासाठी पळायला लावावे, तसा हा प्रकार.

मग एकेक संशयित बाजूला काढणे सुरू झाले. लॅपटॉप मंद होण्याची कारणेही मुलाच्या न वाचण्याइतकीच अनेक. पंख्यात धूळ बसून यंत्र तापते, मेमरीची पट्टी बिघडते, विषाणू शिरतो, विंडोजच बिघडते, डिस्कची जोडणी सैल होते, किंवा खरोखर डिस्क जाते. काकांनी पेनड्राइव्हवर लिनक्स आणले आणि लॅपटॉप त्यावरून सुरू केला. म्हणजे डिस्कला हातही न लावता. यंत्र दोन मिनिटांत उभे राहिले आणि तासभर तक्रार न करता चालले. मेमरीची चाचणी लावली, तीही पास झाली. म्हणजे पंखा आणि मेमरी संशयातून सुटले; आणि ती टकटक पाहता विंडोज किंवा विषाणू हे मुख्य संशयित नव्हते. उरली डिस्क आणि तिची जोडणी.

या दोघांतला फरक डिस्क स्वतः सांगते. प्रत्येक डिस्क आपल्या तब्येतीची एक वही ठेवत असते. 'स्मार्ट' हे तिचे नाव. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट मिळणाऱ्या जपानी प्रोग्रॅमने ती वही वाचता येते. विंडोजला डिस्कची स्थिती विचारली तर तिने 'ओके' सांगितले. या प्रोग्रॅमने मात्र पिवळा रंग दाखवला, म्हणजे सावध राहा. काकांनी आम्हाला तीन ओळी पाहायला शिकवले. ०५ क्रमांकाच्या ओळीत, डिस्कने खराब ठरवून राखीव जागेत हलवलेले तुकडे. सी५ च्या ओळीत, वाचता येत नाहीत पण अजून खराब ठरवलेले नाहीत असे ताटकळलेले तुकडे. आणि सी७ मध्ये, वाटेत म्हणजे जोडणीत झालेल्या चुका. सी७ शून्य होता, जोडणी निर्दोष. सी५ च्या पुढे ४८ दिसत होते. इथे एक गंमत आहे. हा प्रोग्रॅम मूळ आकडे सोळाच्या पायावर दाखवतो, त्यामुळे ४८ म्हणजे चार सोळे चौसष्ट आणि आठ, बहात्तर. बहात्तर तुकडे ताटकळत होते.

आता वही पिवळी म्हणजे किती काळ उरला? गूगलच्या तीन अभियंत्यांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांवर केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. स्वतःची तपासणी करताना ज्या डिस्कला पहिली चूक आढळते, ती पुढच्या ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता चूक न आढळलेल्या डिस्कच्या ३९ पट असते, असे त्यात दिसले. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही आहे. निकामी झालेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांच्या वहीत, तापमान सोडले तर, एकही खूण उमटलेली नव्हती. म्हणजे वही वाईट सांगत असेल तर विश्वास ठेवावा; चांगले सांगत असेल तर निर्धास्त राहू नये. आमच्या वर्गातली काही मुले डोळ्यांसमोर आली. कधीच तक्रार न करणारी, हजेरी पूर्ण असलेली, आणि एक दिवस शाळाच सोडून जाणारी.

निदान झाले. आता उपचार म्हणजे नक्कल. एक टेराबाइटची नवी बाहेरची डिस्क आणली आणि लिनक्समधले 'डीडीरेस्क्यू' चालवले. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर उतरवणे एवढेच त्याचे काम, पण ते करण्याची त्याची रीत आम्हा शिक्षकांना फार ओळखीची वाटली. पहिल्या फेरीत तो सहज येईल तेवढे घेतो. जिथे अडते तिथे डोके आपटत बसत नाही, खूण करून पुढे जातो. सगळे सोपे हाती आल्यावर मग अवघड जागांकडे वळतो. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना आम्ही दरवर्षी हेच तर सांगतो. खुणांची यादी तो वेगळ्या फाइलीत ठेवतो, त्यामुळे वीज गेली तरी केलेले काम वाया जात नाही. कुठून कुठे उतरवायचे, हे काकांनी दोनदा मोठ्याने वाचून घेतले. उलटे झाले तर कोरी डिस्क जुनीवर उतरली असती. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली, म्हणून तो काकांच्या इन्व्हर्टरवर लावला, शेजारी टेबलफॅन ठेवला. बाहेर पाऊस होता. रात्री दोनपर्यंत आम्ही दोघे त्यांच्या दिवाणखान्यात आकडे सरकताना पाहत बसलो. सकाळी पहिली फेरी संपली तेव्हा ३२० जीबींपैकी ११ एमबी राहिले होते. दुपारपर्यंत पुढच्या फेऱ्यांत ते दोनवर आले. त्यापुढे डिस्क हलेना. काकांनी ती बंद केली आणि म्हणाले, "पुरे. आता तिला त्रास नको."

त्यानंतरचे सगळे काम नकलेवर. काकांनी त्यांच्या संगणकावर 'गाने' फोल्डर उघडले. आवाजाच्या फाइली होत्या. मग त्यांनी लेखी फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. पडद्यावर चौकोन, टिंबे, तुटकी रोमन अक्षरे यांचा चिखल. दुसरी उघडली, तेच. "सर, वाईट वाटतं सांगायला. आवाज वाचला, पण लिखाण गेलं. सगळं करप्ट आहे."

आम्ही तो चिखल ओळखला. ती इनपेजची फाइल होती. इनपेज हा उर्दू टंकनाचा प्रोग्रॅम दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरने १९९४ साली आणला. त्याआधी उर्दूची पाने कातिब हाताने लिहीत, कारण नस्तालीक लिपीत अक्षर शेजारी पाहून आकार बदलते आणि ओळ उजवीकडून डावीकडे उतरत येते. खिळ्यांच्या छपाईला ते जमले नाही. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडआकार लिहून काढले, त्यातून नूरी नस्तालीक तयार झाली आणि १९८१ मध्ये लाहोरचे 'जंग' तीत निघू लागले. इनपेजने ती आमच्यासारख्यांच्या टेबलावर आणून ठेवली. पण जुन्या इनपेजने अक्षरांसाठी स्वतःचे खासगी आकडे वापरले. युनिकोडसारखे सर्वांना ठाऊक असलेले नव्हे. त्यामुळे दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमला ते वाचता येत नाही, आणि न वाचणारा म्हणतो, खराब आहे.

"काका, फाइल धडधाकट आहे," आम्ही म्हणालो. "तुमच्या संगणकाला ती वाचता येत नाही, एवढंच." आमच्या संगणकावर जुने इनपेज होते, शाळेच्या प्रश्नपत्रिका आम्ही वर्षानुवर्षे त्यातच काढल्या. फाइल तिथे उघडली आणि अब्बांचा मजकूर ओळीने समोर आला. काका काही वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिले. त्यांना एकही वाचता येत नव्हते. मग हळूच म्हणाले, "माझ्याकडेही असंच एक फोल्डर आहे."

त्यांच्या पत्नी लिहीत असत. सात वर्षांपूर्वी त्या गेल्या. नंतर काकांनी नवा संगणक घेतला, फाइली उघडल्या, तर सगळीकडे निरर्थक रोमन अक्षरे. डिस्क गेली असे समजून त्यांनी ते फोल्डर 'खराब' नाव देऊन ठेवले होते. पस्तीस वर्षे यंत्रांची दुखणी ओळखणाऱ्या माणसाने ते फोल्डर पुन्हा उघडून पाहिले नव्हते. का, ते आम्ही विचारले नाही. फाइली श्री-लिपीतल्या होत्या. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ही लिपी एके काळी मराठी छपाईत घरोघर होती. तिचीही गत इनपेजसारखीच, फॉन्ट नसेल तर चिखल. फॉन्ट मिळवला, मजकूर युनिकोडमध्ये आणला. त्रेपन्न लेख निघाले. एकही अक्षर खराब नव्हते.

आपल्याला वाचता येत नाही आणि समोरचे बिघडलेले आहे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. निदान म्हणजे बहुतेक वेळा एवढा एकच फरक करणे. तो न करता किती डिस्का पुसल्या जातात, किती मुले 'ढ' ठरतात, आणि पाटीवरचे नाव वाचून किती दारे लागतात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

अब्बांच्या फाइली आता युनिकोडमध्ये आल्या आहेत. डिस्कवर जे दोन एमबी गेले, त्यात अम्मीच्या एका हळदीच्या गाण्याची चाळीस सेकंदे होती. आवाज मध्येच तुटतो आणि पुढच्या कडव्यावर येतो. पण अब्बांनी ते कडवे टंकलेले होते, म्हणून शब्द आहेत. उलटही घडले. मराठी ओव्या अब्बांनी उर्दू लिपीत लिहिल्या, आणि उर्दूत ळ नाही, ण नाही. 'हळद'ची 'हलद' होते, 'पाणी'चे 'पानी'. कागदावर पाहिले तर अम्मीला मराठी नीट येत नव्हते असे वाटेल. आवाज लावला की ळ ठसठशीत ऐकू येतो. लिपीत गेलेले आवाजात होते, आवाजात गेलेले लिपीत. एकाच गोष्टीच्या दोन प्रकारच्या नकला हव्यात, ते यासाठी. पुण्यात गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यात मुसलमान बायांच्याही आहेत. तो ठेवा आज जगापुढे आहे, कारण त्याचा मजकूरही आहे आणि त्यातल्या पुष्कळ ओव्यांचे आवाजही.

आम्ही सगळ्याच्या तीन नकला केल्या आहेत. एक घरी, एक गावी भाईंकडे, एक काकांच्या कपाटात. ओव्या देवनागरीत उतरवण्याचे काम सुरू आहे. जिथे आवाजही स्पष्ट नाही आणि अक्षरही दुहेरी वाचता येते, तिथे फूफीला फोन लावतो. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. आम्ही ओळ वाचून दाखवतो, ती मध्येच तोडते, "नै रे बेटा, ऐसा नै," आणि बरोबर काय ते गाऊन सांगते. अशा अकरा जागा अजून उरल्या आहेत, आणि यादीत नसलेली तीन गाणी तिला आणखी येतात असे ती म्हणते. उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट न पाहता पुढच्या जोडसुट्टीलाच आम्ही गावी जाणार आहोत. काकाही येतो म्हणाले आहेत.